पडीक शेत पुन्हा उभे करताना

गुलमंडी आणि आसपासच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे शेत आजही पैठण, गंगापूर, फुलंब्री किंवा कन्नड तालुक्यात आहे. घरातला माणूस बँकेत, शाळेत, एसटीत नोकरीला लागला. शेत बटईने दिले गेले आणि पुढे करणारा कोणी मिळेना म्हणून पडीक पडले. निवृत्तीनंतर सकाळ मोकळी होते आणि सातबाऱ्यावरचे नाव खुणावू लागते. मग साठीतले नवरा-बायको डबा आणि पाण्याची बाटली घेऊन गावाकडच्या गाडीत बसतात.

मुले म्हणतात, ‘बाबा, आता या वयात कशाला?’ वय हे काही शेतीला नाही म्हणण्याचे कारण नव्हे. पण तीस-पस्तीस वर्षे खुर्चीवर बसलेल्या शरीराने एकदम कुदळ हाती घेतली, तर मुलांची भीती खरी ठरू शकते.

फायदा खरा आहे

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जिना चढताना लागणारा आधार, तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे या सगळ्याचे मूळ बऱ्याचदा याच झिजेत असते. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बांधावरून चालणे, पाण्याची बादली उचलणे, उकिडवे बसून खुरपणे यांत हे सगळे आपोआप घडते.

मनालाही लाभ होतो. नेदरलँडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ३० बागकाम करणाऱ्यांना आधी मुद्दाम ताण देण्यात आला. नंतर काहींनी अर्धा तास वाचन केले, तर काहींनी बागेत काम केले. ताणाचे संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, पण बागेत काम करणाऱ्यांमध्ये ते जास्त उतरले.

आधी गाजरगवत

पडीक रानात बहुतेक वेळा पहिली गाठ पडते ती गाजरगवताशी. परदेशातून आलेले हे तण भारतात १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे नोंदले गेले आणि नंतर देशभर पसरले. त्याचे परागकण आणि वाळलेल्या पानांची भुकटी यांमुळे काहींना शिंका, दमा सुरू होतो, तर काहींना त्वचेचा त्रास होतो. पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत खाज व लाली येते. माणूस ‘उन्हाने झाले’ म्हणून महिनोन् महिने मलम लावत राहतो. शेतावर गेले की वाढते आणि चार दिवस शहरात राहिले की उतरते, असे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे. गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, जमीन ओली असताना, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम मजुरांवर सोपवावे आणि मजुरांनाही हातमोजे द्यावेत.

पाय, ऊन आणि गोळ्या

जुना मधुमेह असेल तर पायांची जाणीव कमी झालेली असते. वेड्या बाभळीचा काटा किंवा पऱ्हाटीचा खुंट घुसला तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. अशा दुर्लक्षित जखमेपायी पाय गमावण्याची वेळ येते. शेतात चप्पल नको, जाड तळाचे बंद बूट हवेत. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुऊन, तळवे आरशात किंवा जोडीदाराकडून तपासून घ्यावेत. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर ती आधी घ्यावी. आज साठीत असलेल्या अनेकांना लहानपणी ती मिळालेलीच नसते.

उतारवयात तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे मधुमेहाचे औषध चालू असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हात पाणी झपाट्याने कमी होते. उठताना चक्कर येणे ही पहिली खूण असते. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने खाली येऊ शकते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्यावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. शेतीचे काम सुरू करतो आहोत, एवढे डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्यावी. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर सकाळी दहाच्या आत काम आटोपावे.

खोली आणि विहीर

बंद पडलेली शेतातली खोली, दगडांचे ढीग आणि जुनी लाकडे ही सापांची आवडती जागा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये. तो अवयव न हलवता माणसाला लगेच रुग्णालयात न्यावे, १०८ वर फोन करावा. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि अनेकदा दुखतही नाही. सकाळी पापण्या जड होणे, पोटात दुखणे, गिळता न येणे यांपैकी काही झाले तर थांबू नये. मुक्काम करायचाच तर खाटेवर, मच्छरदाणी नीट खोवून झोपावे.

जुन्या विहिरीतला गाळ काढण्याची घाई अनेकांना असते. कंदील खाली सोडून पाहतात आणि तो विझला नाही की उतरतात. ही परीक्षा अपुरी आहे. इंजिनाच्या धुरातला किंवा कुजलेल्या गाळातला विषारी वायू जीव घेण्याइतका असला तरी ज्योत जळत राहू शकते. आत इंजिन लावू नये, आणि एक जण बेशुद्ध पडला तर दुसऱ्याने मागोमाग उतरू नये. हे काम अनुभवी माणसांकडून, पुरेशी साधने घेऊनच करून घ्यावे.

पहिला हंगाम

जाण्याआधी रक्तदाब, साखर, डोळे आणि गरज असल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी. चालताना छातीत दडपण येत असेल, तर तपासणी होईपर्यंत कुदळीला हात लावू नये. सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तासांनी करावी. नांगरट ट्रॅक्टरने, फवारणी जाणकाराकडून करून घ्यावी. एकट्याने जाऊ नये आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता आधीच पाहून ठेवावा. पहिल्या वर्षी एकरभर रान साफ झाले आणि बांधावर चार आंब्याची रोपे जगली, तरी पुरे. बाकीचे रान इतकी वर्षे पडून होते, त्याला आणखी एक पावसाळा थांबता येईल.