बर्फावरील पादत्राण

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें एखादें तरी अपत्य, पुतण्या किंवा भाची आज नोकरीनिमित्त कॅनडांत वा अमेरिकेंत असेल. त्यांची पाठवणी करतांना आपण लोंकरीचे कपडे, गोडा मसाला, मेतकूट यांची चिंता वाहतों. पायांची चिंता क्वचितच कोणी करतो. आम्हीं ती केली, आणि चुकीची केली, म्हणूनच हें लिहीत आहों.

आमची कन्या टोरांटो येथें शुश्रूषेचें काम करते. तेंही रुग्णालयांत नव्हे, तर वृद्धांच्या घरोघर जाऊन. ती निघाली तेव्हां आम्हीं स्वतः पुण्यांतून तिला जाड तळाचे, खोल खांचांचे, आंतून उबदार असे भारी बूट घेऊन दिले. दुसऱ्या वर्षीं जानेवारींत एका रुग्णाच्या घराच्या पायऱ्या उतरतांना ती घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें. फोनवर तिनें एवढेंच म्हटलें, "बाबा, बूट गरम होते हो, पण बर्फावर ते साबणाच्या वडीसारखे!" तिनें आम्हांस दोष दिला नाहीं, पण तो आमचा आम्हांस लागावयाचा तो लागलाच.

ऊब देणें आणि पाय धरून ठेवणें हे बुटाचे दोन निराळे गुण आहेत, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. बर्फाच्या अगदीं वरच्या थरांतील कण आंतल्या कणांइतके घट्ट बांधलेले नसतात. गोठणबिंदूच्या खालींही तेथें पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर राहतो. मायकेल फॅरडे यानें बर्फाचे दोन तुकडे एकमेकांस चिकटतात हें पाहून 1850 सालीं असें अनुमान केलें होतें. म्हणून दिवसा थोडें वितळून रात्रीं पुन्हां गोठणारी, शून्य अंशाच्या आसपासची थंडी पायांस फार घातक. त्यांतही 'काळा बर्फ' म्हणतात तो तर कपटीच. कांचेसारखा पातळ, खालच्या डांबराचा रंग दाखविणारा, आणि म्हणून न दिसणारा. बुटाच्या खोल खांचा चिखलांत वा भुसभुशीत हिमांत रुततात. गुळगुळीत बर्फांत रुतावयाचें कोठें? शिवाय कित्येक कृत्रिम तळ थंडींत लांकडासारखे कडक होतात. मऊ राहणारें रबरच पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणास बिलगूं शकतें.

हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखणें कठीण. टोरांटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूट या संस्थेनें याकरितां एक अजब खोली केली आहे. खोलीची जमीन बर्फाची, आणि सबंध खोलीच कलती करतां येते. छतास बांधलेल्या पट्ट्यांच्या आधारानें मनुष्य बूट घालून त्या उतारावर वरखालीं चालतो. पाय घसरेपर्यंत कल वाढवीत नेतात. 7 अंशांचा कल निभावला तर बुटास एक हिमफुलाचें चिन्ह, 11 अंशांस दोन, 15 अंशांस तीन. 7 अंश म्हणजे शंभर फुटांस सुमारें बारा फूट चढ, फार नव्हे. (गणिताचे शिक्षक रजेवर असतां आम्हीं स्पर्शज्येचीं कोष्टकें मुलांकडून घोकून घेतलीं, त्यांत कन्येचें मनगट दडलें आहे हें तेव्हां कोणास ठाऊक?) 2016 सालीं त्यांनीं 98 जोडांचे निकाल जाहीर केले, तेव्हां शेंकडा दहांहूनही कमी जोड त्या पहिल्या पायरीस उतरले. उतरले त्यांच्या रबरांत कांचेचे सूक्ष्म तंतू किंवा कठीण बारीक कण मिसळलेले होते. पुढें घरोघर जाणाऱ्या शुश्रूषकांना असे बूट देऊन पाहणी झाली, आणि त्यांच्या पडण्याचें प्रमाण पुष्कळ घटल्याचें आढळलें.

असें असतां आमच्या कन्येचे मालक हातमोजे देत, मुखपट्टी देत. बूट मात्र ज्याचे त्यानें पाहावे! जिचें अर्धें काम दुसऱ्यांच्या निसरड्या पायऱ्या चढण्याउतरण्याचें, तिचें पादत्राण हें सुताराच्या पटाशीसारखें कामाचें हत्यार नव्हे काय?

बुटांवर चढवावयाचे खिळ्यांचे पट्टेही मिळतात. उघड्या बर्फावर ते उत्तम. पण तेच घरांतील फरशीवर वा गुळगुळीत लांकडी जमिनीवर उलटे घसरतात, म्हणून उंबरठ्याशीं काढलेच पाहिजेत. आणि दिवसांतून सात-आठ वेळां ते काढावयाचे म्हणजे निसरड्या पायरीवर एका पायावर उभें राहण्याचा प्रसंग! तो धोका मूळच्याहून मोठा. कन्येनें यावर उपाय काढला; प्रत्येक घरीं दाराच्या आंत एक स्टूल मागून घेतलें. चालण्याची रीतही तिकडे शिकवितात : पावलें आंखूड, शरीराचा भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर; पेंग्विन पक्ष्याप्रमाणें. चरकाचार्यांनीं पादत्राणाचे गुण सांगून पुढें काठीचेही सांगितले आहेत, आणि त्यांत पाय घसरणाऱ्यास आधार हा गुण पहिला. तो संदर्भ आम्हीं कन्येस कळविला. ती हंसली, पण पुढील हिवाळ्यांत आम्ही तिकडे गेलों तेव्हां टोंकाशीं लोखंडी अणी असलेली काठी तिनें आमच्याकरितां आणून ठेवली होती.

तिनें स्वतःसाठीं दोन हिमफुलांचे बूट घेतले, स्वतःच्या पैशानें. यंदाच्या जानेवारींत एका संध्याकाळीं तिचा फोन आला. "बाबा, आज सात घरें झालीं. पायऱ्यांवर वाळू टाकलेलीं फक्त दोन."