कांजिण्यांची लस

‘कांजिण्या मुलांना यावयाच्याच, मग लस कशाला?’ असें पुष्कळ आईबाप परिचारिकेला विचारतात. आजार बहुधा सौम्य असतो हें खरें. जपानचे मिचिआकी ताकाहाशी मात्र १९६४ सालीं स्वतःच्या मुलाचे हाल पाहून संशोधनाकडे वळले व १९७४ सालीं लस सिद्ध झाली. फोड दिसण्यापूर्वींच एकदोन दिवस हा रोग पसरूं लागतो. म्हणून मुलाला मागाहून वेगळें ठेवलें तरी घरांतील तान्ह्या बाळाला, किंवा पूर्वीं कांजिण्या न आलेल्या गर्भवतीला, लागण होण्याचें भय उरतेंच. लसींत दुर्बळ केलेले जिवंत विषाणू असल्यानें गर्भवतीस, आणि वय कोवळें म्हणून तान्ह्यास, ती देत नाहींत. त्यांचें रक्षण मोठ्या भावंडाला वेळेवर लस टोंचण्यानें होतें. भारतांत बालरोगतज्ज्ञ पहिली मात्रा पंधराव्या महिन्यापासून सुचवितात. दुसरीहि चुकवूं नये. नंतर किंचित् ताप वा चार पुटकुळ्या आल्यास घाबरूं नये. अ‍ॅस्पिरीन मात्र देऊं नये.