श्रीगाडगेमहाराज : खराटा आणि कीर्तन

शाळेचें स्नेहसंमेलन संपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पटांगणाचें जें स्वरूप असतें, तें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. कागदाचे तुकडे, शेंगांचीं टरफलें, केळ्यांच्या साली आणि तुटलेल्या पताका इतस्ततः पसरलेल्या असतात. आम्ही शिक्षक व विद्यार्थी त्यांतून वाट काढीत वर्गांत जातों आणि झाडणारा गडी अजून कां आला नाहीं, असें एकमेकांस विचारतों. आपणच खराटा उचलावा, हें आम्हांपैकीं क्वचितच कोणास सुचतें. आणि सुचलें तरी चारचौघांदेखत तो हातीं धरण्याची लाज वाटते. ही लाज टाकून दिली असतां एका मनुष्याच्या हातून केवढें कार्य होऊं शकतें, हें पाहावयाचें असेल तर श्रीगाडगेमहाराजांचें चरित्र वाचावें. म्हणून यंदाच्या अंकांत या थोर लोकशिक्षकाचा अल्प परिचय आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव या खेड्यांत, एका गरीब परीट कुटुंबांत झाला. त्यांचें मूळ नांव डेबूजी. वडिलांचें नांव झिंगराजी व आईचें सखूबाई. त्या काळीं लग्न असो, बारसें असो कीं मयत असो, दारू आणि मांस यांवांचून कार्य पार पडलें असें जातभाई मानीत नसत. झिंगराजींस ही दारूच भोंवली. डेबूजी अगदीं लहान असतांना ते निवर्तले, आणि सखूबाई पोरक्या मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांत दापुरें येथें आपल्या माहेरीं येऊन राहिल्या.

मामाच्या घरीं डेबूजी गुरें राखूं लागला आणि वाढत्या वयाबरोबर नांगरहि धरूं लागला. शाळेची पायरी चढण्याचा योग मात्र त्याला आला नाहीं. मामा कष्टाळू होते, परंतु निरक्षर होते. चरित्रकार सांगतात कीं, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवितांना त्या कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांस कळत नसे. पैसे फेडले तरी त्याची पावती मिळत नसे. आणि अखेर पोटच्या पोराप्रमाणें जोपासलेली काळी जमीन सावकाराच्या घशांत गेली. बापाचा घांस दारूनें घेतला आणि मामाची जमीन निरक्षरतेनें घेतली, हें त्या मुलानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. महाराजांच्या पुढील उपदेशांत दारूबंदी, शिक्षण आणि कर्जापासून सुटका या गोष्टी पुनःपुन्हां कां येतात, याचें कारण येथें सांपडतें. त्यांनीं ग्रंथ वाचून शहाणपण मिळविलें नव्हतें; घरावर कोसळलेल्या संकटांनींच त्यांस शहाणें केलें होतें.

आपल्या विचाराप्रमाणें वागण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं तरुणपणापासूनच होतें. पुढें त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशास जातभाई रिवाजाप्रमाणें दारू व मटण यांची वाट पाहत बसले असतां डेबूजींनीं पानांत गोडधोड वाढलें. मंडळी रागावली, पण डेबूजी डगमगले नाहींत. ज्या रिवाजानें आपला बाप नेला, तो आपल्या मुलीच्या बारशास पाळावयाचा नाहीं, एवढाच त्यांचा निश्चय होता. सभेंत टाळ्या घेणें सोपें असतें. आपल्याच पंगतींत आपल्याच नातलगांचा रोष पत्करणें फार कठीण असतें.

१९०५ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, डेबूजींनीं घर सोडलें. आई, पत्नी कुंताबाई व मुलें यांस मागें ठेवून ते निघाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षें अनवाणी व उपाशीतापाशी गांवोगांव हिंडले. अंगावर नाना रंगांच्या चिंध्या जोडून केलेलें वस्त्र, एका कानांत कवडी, दुसऱ्या कानांत फुटक्या बांगडीची कांच, एका हातांत खराटा व दुसऱ्या हातांत मातीचें गाडगें, असा त्यांचा वेष होता. भाकर मागावयाची ती त्याच गाडग्यांत, पाणी प्यावयाचें तें त्यानेंच, आणि ऊन झालें तर तेंच डोक्यावर पालथें घालावयाचें. कोणी त्यांस गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा म्हणत. पण अखेर गाडगेमहाराज किंवा गाडगेबाबा हेंच नांव लोकांच्या जिभेवर कायम झालें.

हा वेष त्यांनीं कां घेतला असावा? आम्हांस असें वाटतें कीं, त्यांत मोठा अर्थ होता. भगवीं वस्त्रें पाहतांच लोक पायां पडतात, आणि पायां पडलेला मनुष्य उपदेश ऐकत नाहीं. तो आशीर्वाद मागतो. चिंध्या पाहून मात्र कोणी पायां पडत नाहीं. या माणसाची जात कोणती व ऐपत काय, हेंहि त्या चिंध्यांवरून ओळखतां येत नसे. ज्याच्यापाशीं चोरण्यासारखें कांहीं नाहीं आणि मिरविण्यासारखेंहि कांहीं नाहीं, तो श्रीमंतालाहि खरें सांगण्यास मोकळा असतो.

महाराजांची काम करण्याची रीति अशी असे. एखाद्या गांवीं ते आले कीं, देवळांत किंवा पाटलाच्या वाड्यांत न जातां हातांतील खराट्यानें रस्ता झाडूं लागत. गटारें मोकळीं करीत, उकिरडे उपसीत. प्रथम लोक या वेड्याकडे पाहून हंसत. मग एखादें पोर मदतीस येई. मग एखादा तरुण लाजून पुढें होई. आणि पाहतां पाहतां सारा गांव कामास लागे. भाकर खावयाची ती असें कांहीं काम केल्यावांचून खावयाची नाहीं, असा त्यांचा नेम होता. दिवसां अशा प्रकारें गांव स्वच्छ झाला म्हणजे रात्रीं त्याच लोकांपुढें ते कीर्तनास उभे राहत आणि मनांतील केर काढावयास घेत.

हें कीर्तन आपल्या नेहमींच्या हरिदासी कीर्तनासारखें नव्हतें. त्यांत संस्कृत श्लोक नसत कीं पांडित्याचा डौल नसे. वऱ्हाडी बोलींत ते श्रोत्यांस साधे प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच त्यांचीं उत्तरें काढून घेत. देव नवसाला कोंबडें मागतो काय? कर्ज काढून लग्न केलें तर फेडणार कोण? ज्याला शिवल्यानें विटाळ होतो म्हणतां, त्याचें रक्त कोणत्या रंगाचें? अशा धर्तीचे ते प्रश्न असत. उत्तर देतां देतां आपलें चुकतें कोठें, हें श्रोत्यांस आपोआप उमगे. जी शिक्षणपद्धति आम्ही शिक्षक मोठ्या प्रयासानें शिकतों, ती या निरक्षर पुरुषास सहज साधली होती. संतांवर, विशेषतः तुकाराममहाराजांवर, त्यांची अपार भक्ति होती; परंतु देवाच्या नांवावर चालणारी पशुहत्या, बुवाबाजी आणि शिवाशिव यांस त्यांनीं कधीं थारा दिला नाहीं. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपला कोणी शिष्य नाहीं, असें ते स्पष्ट सांगत, आणि कोणी पायांस हात लावूं लागला तर त्यांस तें मुळींच खपत नसे.

कीर्तनाला जमलेले लोक आपखुशीनें पैसा देत. त्या पैशांतून महाराजांनीं ऋणमोचन येथें पूर्णा नदीच्या कांठीं घाट बांधविला, आणि पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा क्षेत्रीं यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारल्या. मुंबईस जे. जे. रुग्णालयांत परगांवाहून येणाऱ्या गरीब रोग्यांच्या आप्तांस उघड्यावर पडावें लागे. त्यांच्यासाठींहि त्यांनीं धर्मशाळा बांधविली. अन्नछत्रें, गोरक्षणसंस्था, विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें यांचीहि त्यांत भर पडली. पुढें या कार्याची व्यवस्था नीट राहावी म्हणून १९५२ सालीं श्रीगाडगेमहाराज मिशन स्थापन झालें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. एवढा पैसा हातून गेला, पण त्यांतील एक छदामहि महाराजांनीं स्वतःकडे किंवा आपल्या घरच्यांकडे जाऊं दिला नाहीं. मोठमोठ्या धर्मशाळा बांधविणाऱ्या या पुरुषाची पत्नी मात्र साध्या झोंपडींतच राहिली. त्यांचा तरुण मुलगा गोविंद मरण पावला, ती वार्ता त्यांस कोंकणांत खारेपाटण येथें कीर्तन चालूं असतांना कळली. तरी त्यांनीं कीर्तन मध्येंच सोडलें नाहीं, असें चरित्रकार लिहितात. कुंताबाईंच्या वांट्यास आलेलें दुःख आठवलें म्हणजे मन जड होतें. थोर पुरुषाच्या त्यागाची अर्धी किंमत पुष्कळदां त्याच्या घरच्या माणसांस मुकाट्यानें भरावी लागते. महाराजांची स्तुति करतांना त्या माउलीचा विसर पडूं नये.

पंढरपुरांतील त्यांचें कार्य सर्वांत बोलकें आहे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस शेंकडों कोस चालून आल्यावरहि देवळांत प्रवेश नसे व रात्रीं पाठ टेकावयास छप्परहि नसे. त्यांच्यासाठीं महाराजांनीं संत चोखामेळ्याच्या नांवानें धर्मशाळा बांधविली. पुढें साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें प्राणांतिक उपोषण केलें, आणि विठ्ठलमंदिराचें दार सर्वांस मोकळें झालें; परंतु त्याच्या कितीतरी वर्षें आधीं महाराजांनीं त्या यात्रेकरूंच्या डोक्यावर छप्पर घातलें होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व महाराज यांस एकमेकांविषयीं फार आदर होता. ती चोखामेळा धर्मशाळा महाराजांनीं विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवालीं केली.

शिक्षणाविषयींची त्यांची तळमळ तर विलक्षण होती. जेवणाचें ताट मोडून भाकर हातावर घेऊन खा, बायकोला हलक्या किंमतीचें लुगडें घ्या, पण मुलांस शाळेंत घातल्यावांचून राहूं नका, या आशयाचा उपदेश ते प्रत्येक कीर्तनांत करीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेनें १९५४ सालीं कऱ्हाड येथें काढलेल्या महाविद्यालयास महाराजांचें नांव दिलें. अमरावतीस १९८३ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठासहि पुढें त्यांचेंच नांव मिळालें. ज्याला शाळेची पायरी चढावयास मिळाली नाहीं, त्याच्या नांवाच्या पदव्या आज वऱ्हाडांतील हजारों तरुण घेत आहेत!

६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेबांचें महापरिनिर्वाण झालें. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनीं, २० डिसेंबर १९५६ रोजीं, अमरावतीकडे जात असतां वलगांवजवळ पेढी नदीपाशीं महाराजांनीं देह ठेवला. अमरावतींत त्यांची समाधि आहे. महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानासहि त्यांचें नांव देण्यांत आलें, हें सर्वथा योग्यच झालें.

परंतु नांव देणें सोपें आहे, आणि भिंतीवर तसबीर लावणें त्याहून सोपें आहे. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, लग्नकार्याच्या खर्चासाठीं कर्ज काढण्याचा विचार मनांत येईल तेव्हां, अथवा पैशाच्या ओढाताणीमुळें मुलीची शाळा थांबवावी असें वाटेल तेव्हां, दापुऱ्याच्या त्या अंगठा उठविणाऱ्या मामाची आठवण करावी. आणि बालमित्रहो, तुम्हांस सांगण्यापूर्वीं आम्हीं स्वतःलाच सांगितलें आहे: येत्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं गड्याची वाट न पाहतां आम्ही शिक्षक खराटे घेऊन पटांगणांत उतरणार आहों. पहिल्यानें कदाचित् तुम्ही हंसाल. हंसा, पण महाराजांच्या वेळीं गांवोगांवचीं पोरें हंसतां हंसतां जशीं मदतीस आलीं, तसे तुम्हीहि या.