लाओसमधले लपवलेले युद्ध

साम्यवाद रोखण्यासाठी अमेरिका व्हिएतनाममध्ये लढली, हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या लाओसमधले युद्ध मात्र दडवून ठेवले गेले. १९६२च्या जिनिव्हा कराराने हा देश तटस्थ ठरला होता. त्यामुळे तिथे उघडपणे फौज पाठवणे अमेरिकेला शक्य नव्हते. म्हणून सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने साम्यवाद्यांशी लढण्यासाठी डोंगरातल्या ह्मोंग लोकांना शस्त्रे दिली आणि १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. एकेका क्लस्टर बॉम्बमधून चेंडूएवढे शेकडो छोटे बॉम्ब विखुरत. त्यांतले कोट्यवधी फुटलेच नाहीत. शेतात कुदळ मारताना, मुलांनी खेळणे समजून उचलताना ते आजही फुटतात. एवढे होऊनही डिसेंबर १९७५मध्ये लाओसमध्ये साम्यवादी सत्ता आलीच.