चेंबरचा ढापा

चेंबरचा ढापा म्हणजे भुयारी गटारीच्या चेंबरवर बसवलेले, काढता येणारे झाकण होय. तुंबलेली मलवाहिनी तपासण्यासाठी व साफ करण्यासाठी तो उघडला जातो. ढापे बिडाचे किंवा सिमेंट काँक्रीटचे असतात.

प्रकार
काँक्रीटच्या ढाप्यांसाठीच्या आयएस १२५९२ या भारतीय मानकात २.५, १०, २० व ३५ टन अशा चार श्रेणी आहेत. अंगणातील हलका ढापा वाहनांच्या वाटेवर टिकत नाही.

बदलण्याची पद्धत
जागेभोवती अडथळे उभारून तुटलेला ढापा काढला जातो. चौकटीच्या खाचेतील माती काढून तिचे माप घेतात. चौकट तडकलेली असल्यास तीही बदलावी लागते. नवा ढापा जमिनीच्या पातळीत, न डगमगता बसणे आवश्यक असते. चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साचत असल्याने पडलेले तुकडे काढण्यासाठी आत उतरणे प्राणघातक ठरू शकते.

महत्त्व
फुटक्या ढाप्यातून पावसाचे पाणी व माती शिरून मलवाहिनी तुंबते. नाशिकमध्ये असे बाहेर आलेले सांडपाणी नाल्यांवाटे गोदावरीत जाऊ शकते. साचलेल्या पाण्याखाली उघडे चेंबर दिसत नाही; २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर यांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला.