चाकांचा हिशोब (भाग ७) : सिंथेटिक ऑइल आणि बायपास फिल्टर कुणाला परवडतो?

घोडेगावच्या मार्केटातून कांदा भरून निघालेली गाडी चेन्नई किंवा कोलकात्याच्या वाटेला लागली, की परत येईपर्यंत तिचं इंजिन फारसं थंड होत नाही. प्रवरानगर-कोपरगाव पट्ट्यात ऊस ओढणारी गाडी मात्र फडातून कारखान्यापर्यंत वीस-तीस किलोमीटर येते, केन यार्डात रांगेला लागते, थोडी पुढे सरकते आणि पुन्हा बंद होते. गाडी तीच, इंजिन तेच. नगरच्या दुकानात दोन्ही मालकांना सल्लाही एकच मिळतो, की सिंथेटिक टाका, बायपास फिल्टर बसवा आणि ऑइल बदलायची काळजी सोडा. मागच्या भागात रिमोल्ड टायरचं गणित मांडल्यावर अनेक गाडीमालकांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून आज तो सविस्तर घेतो.

आधी एक गैरसमज. ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, असं बरेच मेस्त्री अजून सांगतात. डिझेल इंजिनात ऑइल काळं होणारच. ज्वलनातली काजळी पकडून ती तरंगत ठेवणं, तिचे गोळे होऊ न देणं, हे ऑइलमधल्या रसायनांचं कामच आहे. ऑइल संपतं ते वेगळ्या कारणांनी. आम्ल मारण्याची त्याची ताकद उतरते, ते प्रमाणाबाहेर घट्ट किंवा पातळ होतं, काजळी पेलवेनाशी होते, धूळ आणि झिजलेल्या धातूचे कण वाढतात. यातलं काहीही बोटावर ऑइल चोळून कळत नाही.

सिंथेटिक ऑइलचा मूळ घटक कारखान्यात जास्त शुद्ध आणि एकसारखा घडवलेला असतो. त्यामुळे तापलेल्या टर्बोजवळ ते लवकर जळून चिकटत नाही आणि उष्णतेने कमी खराब होतं. करंजी घाट किंवा माळशेज पूर्ण लोड घेऊन चढणाऱ्या गाडीला हा गुण खरोखर उपयोगी आहे. थंडीत ते झटकन वर चढतं हा दुसरा गुण मात्र आपल्याकडे फारसा कामाचा नाही. १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या ऑइलमधल्या ‘१५डब्ल्यू’ची चाचणी उणे २० अंशांवर होते, डिसेंबरातली नगरची पहाट त्याच्या जवळपासही जात नाही. आणि काजळी, धूळ, डिझेलची गळती या गोष्टी ऑइल महाग आहे म्हणून कमी होत नाहीत.

बायपास फिल्टरची कल्पना जुनी आहे. १९२०च्या दशकात मोटारींना पहिले ऑइल फिल्टर लागले तेव्हा ते याच पद्धतीचे होते. आज गाडीला असतो तो मुख्य फिल्टर. बेअरिंगकडे जाणारं सगळं ऑइल त्यातून वाहतं, म्हणून त्याची छिद्रं फार बारीक ठेवता येत नाहीत. ठेवली तर दाब पडेल आणि फिल्टरमधला व्हॉल्व्ह उघडून ऑइल न गाळताच पुढे जाईल. बायपास फिल्टर एकूण प्रवाहातला थोडासाच भाग, साधारण पाच ते दहा टक्के, बाजूला घेतो, अतिशय संथपणे गाळतो आणि चेंबरमध्ये परत सोडतो. घाई नसल्यामुळे तो काही मायक्रॉनपर्यंतचा कण अडवू शकतो. बेअरिंगमधला ऑइलचा थर तेवढाच पातळ असतो आणि त्या मापाचे कणच जास्त झीज करतात, हे लक्षात घेतलं तर या फिल्टरची बाजू भक्कम आहे. मात्र ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेल, कूलंटचं पाणी किंवा संपलेली रसायनं यांवर त्याचा इलाज चालत नाही.

आता पैसे. आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बिलातले घाला. चेंबरमध्ये २० लिटर ऑइल बसतं. साधं ऑइल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ६००. मुख्य फिल्टर ८०० आणि मजुरी ५००. म्हणजे साधी बदली ७,३०० रुपयांना, सिंथेटिकची १३,३०० ला. गाडी वर्षाला एक लाख किलोमीटर चालते आणि साधं ऑइल २० हजारांवर बदलतो, असं धरलं तर वर्षाला पाच बदल्या, ३६,५०० रुपये. सिंथेटिक ३० हजारांवर बदललं तर खर्च ४४ हजारांवर जातो, ४० हजारांवर बदललं तर ३३,२५० होतो. दोन्हींची बरोबरी साधारण साडेछत्तीस हजार किलोमीटरला होते. सिंथेटिक भरून सवयीने २० हजारांवरच काढून टाकणारा मालक सरळ नुकसान करून घेतो, आणि असे मालक कमी नाहीत.

याच गाडीला २५ हजारांचा बायपास संच बसवू. त्याचं एलिमेंट २,००० रुपयांचं, २० हजार किलोमीटरला एक, म्हणजे वर्षाला १० हजार. एलिमेंट बदलताना लिटरभर ऑइल वर घालावं लागतं, त्याचे ३,०००. सिंथेटिक ८० हजार किलोमीटर चालवलं तर ऑइल बदलीचे १६,६२५ आणि मधल्या वेळचा मुख्य फिल्टर हजारभर. बेरीज ३०,६२५. सिंथेटिक ४० हजारांवर बदलण्याच्या तुलनेत वर्षाला वाचले २,६२५ रुपये. संचाचे पैसे फिटायला नऊ वर्षांहून जास्त लागतील! एक-दोन गाड्यांच्या मालकाने निव्वळ ऑइल वाचवायला हा संच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चेंबर खूप मोठं असेल, जनरेटरसारखं इंजिन दिवसरात्र चालत असेल किंवा इंजिन उतरवण्याचा मोठा खर्च लांबवायचा असेल, तर गणित बदलतं. तेव्हाही जोडणीच्या पाइपकडे नीट बघा. टर्बोजवळ तो पाइप घासून फुटला तर चेंबर रिकामं होतं आणि तापलेल्या भागावर ऑइल पडून आग लागू शकते. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी डीलरकडून लेखी घ्या.

विक्रेते डिझेलच्या बचतीचा मुद्दा शेवटी काढतात, खरं तर तो सगळ्यांत मोठा आहे. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी लाख किलोमीटरला २५ हजार लिटर डिझेल पिते. पातळ सिंथेटिकने त्यात एक टक्का जरी वाचला तरी २५० लिटर होतात. लिटरला ९० रुपये धरले तर २२,५०० रुपये. ऑइलच्या सगळ्या काटकसरीपेक्षा ही रक्कम मोठी. अडचण मोजण्याची आहे. वारा, लोड, टायरची हवा आणि ड्रायव्हरचा पाय यांनी मायलेज टक्क्या-टक्क्याने नव्हे, चांगलंच हलतं. आपल्याच जिल्ह्यात, वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथे असतात तसे ठरलेले ट्रॅक आणि ठरलेलं वजन असेल तर एक टक्का पकडता येतो. नगर-मनमाड रस्त्यावर दोन ट्रिपांत तो दिसला असं कुणी म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. सलग काही महिन्यांची डिझेलची वही मात्र खोटं बोलत नाही. आणि कंपनीच्या पुस्तकात जो जाडपणा दिलाय त्याखाली जाऊ नका.

उसाच्या गाडीचं काय? गळीत हंगामात ती दहा-बारा हजार किलोमीटर चालली आणि बाकीचं वर्ष किरकोळ भाड्यांवर गेलं, तर किलोमीटरची मर्यादा गाठण्याआधीच वर्ष संपतं, आणि ऑइल तसंही बदलावं लागतं. तिथे सिंथेटिकचे जादा ६,००० रुपये वसूल व्हायला किलोमीटरच नाहीत. थोडं चालणं, रांगेत रेंगाळणं, पुन्हा चालू-बंद करणं यांनी ऑइलमध्ये डिझेल आणि ओलावा जास्त उतरतो. म्हणून चांगल्या दर्जाचं साधं ऑइल हंगाम संपताच बदलावं. घाण ऑइल भरून गाडी पावसाळाभर उभी ठेवली, की त्यातलं आम्ल बेअरिंग खातं. फडातल्या कच्च्या रस्त्याची धूळ एअर फिल्टरच्या फाटक्या रबरातून शिरते आणि ऑइलपर्यंत पोचण्याआधीच रिंग आणि लायनर घासून जाते. वाचलेले सहा हजार एअर फिल्टर, त्याचे क्लॅम्प आणि होज यांवर घाला.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना वेगळा नियम आहे. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर ऑइलच्या राखेने हळूहळू भरतो आणि ती राख जळून जात नाही. म्हणून पुस्तकात सीके-४ हा कमी राखेच्या ऑइलचा दर्जा लिहिला असेल तर तेच ऑइल घाला. जुन्या गाडीसाठी आणलेला सीआय-४चा डबा उरलाय म्हणून तो हिच्यात ओतणं फार महागात पडतं.

बदलीचं अंतर वाढवायचंच असेल तर अंदाजाने वाढवू नका. ऑइल कंपन्या आणि खासगी प्रयोगशाळा नमुना तपासून देतात. इंजिन गरम असताना, बदलीच्या वेळी सुरुवातीची धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतलं ऑइल स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्या. बाटलीवर गाडी नंबर, ऑइलचं नाव आणि त्यावर झालेले किलोमीटर लिहा. अहवालात सिलिकॉन वाढलं असेल तर धूळ शिरतेय, लोखंड वाढलं तर लायनर किंवा रिंग बघा, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग. घट्टपणा उतरला असेल तर इंजेक्टर गळतोय का ते तपासा. सगळे आकडे मर्यादेत असले तरच पुढची बदली पाच हजार किलोमीटरने लांबवा, आणि पुन्हा नमुना पाठवा.

काढलेलं ऑइल नाल्यात किंवा गुऱ्हाळाच्या चुलाणात जाता कामा नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकली आहे. परवाना असलेला गोळा करणारा शोधा. तो पैसे देऊन घेऊन जातो.

पुढच्या भागात बीएस-६ गाड्यांना लागणारं युरिया द्रावण, त्यातली भेसळ आणि ती ओळखायची कशी, हे पाहू.