वहीतली उत्तरं

कपाट आवरताना दोनशेपानी वही हाती लागली. पहिल्या पानावर १९९२, खाली लाल शाईत 'संभाव्य प्रश्न'. स्वतःविषयी सांगा. बँकेतच का यायचंय? तुमचे गुण-दोष कोणते? प्रत्येकाखाली पानभर उत्तर, तेही इंग्रजीत. दोष काय लिहिला होता? 'मी कामात जरा जास्तच गुंततो.' गाइडमधून उतरवलेलं ते वाक्य तेव्हा मला अगदी माझंच वाटायचं.

सरकारी बँकांची भरती तेव्हा बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डामार्फत व्हायची. लेखी परीक्षा निघाली की मुलाखतीचं पत्र पोस्टानं यायचं. मग आरशासमोर घोकंपट्टी. आदल्या वर्षीच रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प गाजत होता. ते सगळं तोंडपाठ. समोरच्या पॅनेलनं मात्र विचारलं, "कराडचे ना? प्रीतिसंगमात वेगळं काय आहे?" त्याच पाण्यात मी पोहायला शिकलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग पूर्वेकडे वळतात, हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. पण ते वहीत नव्हतं. मी गप्प बसलो.

नोकरी लागली ती पुढच्या वर्षी, आणि यथावकाश मीही टेबलाच्या पलीकडे गेलो. दरम्यान प्रश्न बदलले, त्यांच्यामागोमाग तयार उत्तरंही. २००० नंतर पुण्यातल्या कॉलेजांत कॅम्पस मुलाखतींचं पेव फुटलं. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' हा प्रश्न आला, आणि दोष विचारला की ओळीनं प्रत्येक मुलगा 'परफेक्शनिस्ट' निघू लागला. माझंच जुनं वाक्य, नव्या कपड्यांत.

काही मिनिटांच्या बोलण्यावर किती भिस्त ठेवायची, हा वाद त्याहून जुना. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकायची. १९८० च्या अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे प्रमाण मनमानी ठरवलं आणि तोंडीला १५ टक्क्यांहून अधिक वजन नको, असं म्हटलं. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. क्लार्क होऊ पाहणाऱ्यांची आरशासमोरची तालीम संपली; अधिकारीपदासाठी ती उरली.

२०२० मध्ये मुलाखत लॅपटॉपच्या चौकटीत शिरली. उमेदवाराची नजर सारखी एकाच कोपऱ्याकडे वळली की समजायचं, तिथे चिठ्ठी चिकटवलेली आहे. आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. आता पानभर उत्तर लिहायचे कष्टही उरले नाहीत.

निवृत्तीनंतर मी गावाकडच्या मुलांच्या सराव मुलाखती घेतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलीला विचारलं, "एखादी अडचण सोडवल्याचं उदाहरण सांग." तिनं टीमवर्कचं गुळगुळीत उत्तर सुरू केलं. मी थांबवलं. "घरी काय करतेस?" म्हणाली, "डेअरीला दूध घालते." मग खुलली. दुधाची फॅट अचानक कमी लागू लागली, दर पडला. तिनं महिनाभर दोन्ही वेळची फॅट आणि वैरण वहीत टिपली. सुका चारा संपून नुसता ओला सुरू झाला होता, त्याच दिवसापासून घसरण होती. कडबा पुन्हा सुरू केला, फॅट हळूहळू वर आली. इतकं बोलताना ती एकदाही अडखळली नाही. तारखा तिच्या, आकडे तिचे.

तयारी हवीच. मीही केली होती, फक्त उलट्या बाजूनं. माझ्या वहीची मागची पानं कोरी आहेत. ती फाडून आता मुलांना देतो. सांगतो, प्रश्न लिहू नका. स्वतः केलेली दहा कामं लिहा: केव्हा केलं, किती केलं, कुठे बिघडलं, मग काय केलं. यादीत गावच्या नदीलाही एक ओळ ठेवा.